गुन्हा कबूल करणारे आप्पा

कोर्टाची तारीख असली की वीरभद्रआप्पा दाढी दोनदा करत. एकदा सकाळी मुरुमला घरी, आणि दुसऱ्यांदा धाराशिवच्या बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये, खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, अगदी साग्रसंगीत. मग कापडी पिशवीतून बदामी रंगाचा जोधपुरी कोट बाहेर निघे. तो कोट त्यांनी थोरल्या मुलीच्या लग्नात शिवला होता, आणि लग्नानंतर तो फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात वापरला जाई. सकाळी केलेली दाढी दुपारपर्यंत अशी किती वाढते, असं मी एकदा विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "अक्का, गुन्हा कबूल करताना माणूस स्वच्छ दिसला पायजे. न्हायतर साहेबांला वाटतंय, ह्यानं खरंच केलाय."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मुरुमकडच्या कानडी वळणाने त्यांना सगळ्या बायका अक्का. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. मी बी.एस्सी. होऊन ऑफिसात टायपिंग करायची आणि आप्पा मॅनेजर होते. म्हणजे परवान्यावर तसं लिहिलेलं होतं.

हे जरा समजावून सांगायला हवं. नळदुर्गच्या पुढे हैदराबाद रस्त्याला लागून आमचा कारखाना. औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारी पावडर तिथे तयार व्हायची आणि त्यासाठी एक द्रावण लागायचं, पेट्रोलचा सख्खा भाऊ म्हणावं असं. ते निळ्या ड्रमांतून यायचं आणि रिकामे झालेले तेच ड्रम पुन्हा भरून येत. असा माल ठेवणाऱ्या कारखान्याला कायद्याने एक मॅनेजर नेमावा लागतो आणि काही चुकलं तर मालकाबरोबर खटला त्याच्यावरही होतो. आमच्या शेठनी कायद्यातलं एवढं एकच कलम मन लावून वाचलं असावं. कारखाना चालवायचे शेठचे मेव्हणे. खटला चालवून घ्यायला एक वेगळा माणूस हवा होता, आणि तो त्यांना मुरुमच्या एका डाळमिलमध्ये पोत्यांवर नंबर टाकताना सापडला.

आप्पा उमरग्याच्या कॉलेजातून तिसऱ्या वर्गात बी.एस्सी. झालेले. विषय रसायनशास्त्र. त्या पदवीचा आयुष्यात कुणी काही उपयोग केला असेल तर तो आमच्या शेठनी. आप्पांना केबिन मिळाली, दारावर पितळी पाटी मिळाली, टेबलावर घंटी मिळाली. घंटी वाजत नसे, पण ती वाजवावी असं काही काम कधी निघालंही नाही. मॅनेजरला कारखान्यात कुठेही जायची मुभा होती, फक्त ड्रमच्या शेडची किल्ली मेव्हण्यांकडे असायची. आप्पा सकाळी येत, पेपर वाचत, मी टाईप केलेल्या कागदांवर सह्या करत आणि दुपारी भाकरी खात. कागद वाचायच्या भानगडीत ते पडत नसत. "सही म्हंजे काय अक्का, हातानं काढलेली रांगोळी. काढायची आन् बाजूला व्हायचं," असं त्यांचं म्हणणं.

आणि ह्या सगळ्याचा त्यांना अभिमान होता, हे सांगायलाच हवं. मुरुमच्या बाजारात त्यांना लोक मॅनेजरसाहेब म्हणून हाक मारत आणि ते मुद्दाम दुसऱ्या हाकेला वळत. धाकट्या मुलीच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावापुढे 'मॅनेजर' हा शब्द त्यांनी देवाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापून घेतला होता. व्याही खूश झाले. जावयाला काय माहीत, की सासरे वर्षातून चार वेळा आरोपी असतात.

खटले फार मोठे नसायचे. कधी आग विझवायची नळकांडी रिकामी सापडायची, कधी धोक्याचा भोंगा वाजायचा नाही, कधी ड्रम परवान्यापेक्षा जास्त निघायचे. शेठ तब्येतीच्या कारणाने कधीच हजर नसायचे, त्यांच्या वतीने वकील अर्ज द्यायचे. प्रत्यक्ष उभं राहायचं काम आप्पांचं. नाव पुकारलं की ते पिंजऱ्यात जात, कोटाचं वरचं बटण लावत आणि म्हणत, "गुन्हा कबूल हाय, हुजूर." दंड होई, वकील तो भरत, आणि सगळं चहाच्या वेळेच्या आत आटपे. येताना आप्पा माझ्यासाठी गुलाबजामचा डबा आणायचे. ज्याने जन्मात कधी एक ड्रम हलवला नव्हता, तो माणूस ड्रम हलवल्याची कबुली देऊन गुलाबजाम घेऊन येतोय, ह्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. मीही खाल्ले.

एकदा मी विचारलं, की एवढ्या वेळा दंड भरण्यापेक्षा शेठ नियमाप्रमाणे गोदाम का बांधत नाहीत. आप्पांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "दंड म्हंजे जागेचं भाडं, अक्का. घर बांधायच्यापरीस भाडं परवडतंय शेठला." कायद्याचा एवढा सोपा अर्थ मला आजवर एकाही वकिलाने सांगितलेला नाही.

आमच्या कारखान्याची एक खास रीत होती. परवाना साठ ड्रमांचा होता आणि शेडमध्ये कायम दीडशेच्या पुढे ड्रम असत. तपासणीचे साहेब येणार, असा वास लागला की वरचे ड्रम ट्रकात चढवून रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे नेऊन ठेवत. ढाब्याची भट्टी तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्याची काळजी कुणाला. साहेब येऊन साठ ड्रम मोजून जात आणि संध्याकाळी ट्रक परत येई. ह्याला कारखान्यात 'ड्रम देवदर्शनाला गेले' असं म्हणत. फोनवरसुद्धा हेच शब्द. मी ह्या शब्दांवर मनापासून हसायची, आणि आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

असेच एकदा ड्रम दर्शन घेऊन परतले. त्या दिवशी सगळ्यांनाच घरी जायची घाई होती. म्हणून ते शेडमध्ये नीट न लावता आतच बॉयलरकडच्या भिंतीलगत उभे केले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातला एक गळू लागला. शिद्राम नावाचा कामगार तो बाजूला सरकवायला गेला, आणि गळलेल्या द्रावणाच्या वाफेने बॉयलरच्या बाजूने पेट घेतला. भडका दोन मिनिटांत विझला. पण शिद्रामचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला गाडीत घालून सोलापूरला नेलं तेव्हा तो ओरडत नव्हता, नुसता हाताकडे बघत होता.

आप्पांचं आणि शिद्रामचं एक जुनं नातं होतं. आप्पांच्या बायकोने त्यांची तंबाखू बंद केली होती, त्यामुळे ते घरून पुडी आणत नसत. दुपारच्या भाकरीनंतर शिद्राम केबिनच्या दाराशी यायचा, तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा, आणि निम्मी चिमूट मॅनेजरसाहेबांच्या हातावर ठेवायचा. आख्ख्या कारखान्यात आप्पांना रोज काही आणून देणारा तो एकटाच माणूस होता.

त्या दुपारी गडबडीत शेड उघडी राहिली. मेव्हणे फोनवर होते, बाकीचे फाटकाशी. आप्पा केबिनमधून उठले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ड्रमच्या शेडमध्ये गेले. सुरक्षा सप्ताहाच्या पाट्या रंगवून उरलेला पांढरा रंग कोपऱ्यात होता. तो डबा आणि एक ब्रश घेऊन ते पहिल्या ड्रमपासून सुरू झाले. मी त्यांना शोधत गेले तेव्हा ते घामाघूम होऊन ड्रमांच्या बुडाशी एकेक नंबर टाकत होते. नंबर कानडी आकड्यांत होते, कारण डाळमिलमध्ये कर्नाटकात जाणाऱ्या पोत्यांवर त्यांनी जन्मभर तेच टाकले होते. मी म्हटलं, आप्पा, हे काय चाललंय. ते मान वर न करता म्हणाले, "माल म्हटलं की आकडा पायजे, अक्का." शेवटचा आकडा एकशे चौऱ्याहत्तर होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा शेडमध्ये अर्थातच साठ ड्रम होते. कडेला पुसून घेतलेली फरशी, भिंतीला नवा चुना. ड्रमवरचे पांढरे फराटे मेव्हण्यांनी पाहिले होते, पण त्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. कुठल्या तरी ट्रान्सपोर्टवाल्याची खूण असेल, असं समजून त्यांनी ती तशीच राहू दिली. हुशार माणसांना स्वतःला न कळणारी गोष्ट बिनमहत्त्वाची वाटते, ह्यात मेव्हण्यांचाच दोष आहे असं नाही.

ह्या वेळचा खटला मात्र साधा नव्हता. माणूस भाजला होता, तुरुंगाची भाषा निघाली होती. म्हणून शेठनी पुण्याहून मोठे वकील आणले आणि वकिलांनी गाडीतून उतरायच्या आत तोडगा काढला. आग शिद्रामच्या बिडीने लागली. आप्पांनी नेहमीसारखा गुन्हा कबूल करायचा, सोबत लेखी जबाब द्यायचा की कामगाराला बिडीबद्दल आधीच समज दिली होती, माझी चूक एवढीच की मी त्याच्यावर पुरेसं लक्ष ठेवलं नाही. एवढ्याने आप्पा दंडावर सुटणार होते, शेठ तर त्याहून स्वस्तात. शिद्रामला मात्र भरपाईचा एक पैसा मिळाला नसता, कारण चूक त्याचीच ठरली असती.

ती बिडीची समज मी टाईप केली. मागची तारीख घालून. कागद जुना दिसावा म्हणून वकिलांनी तो दोन दिवस उन्हात ठेवायला सांगितला आणि मी तो ऑफिसच्या खिडकीत ठेवला, वर दगड ठेवून. हे मला कुणी विचारलेलं नाही, पण आप्पांबद्दल लिहायचं आणि स्वतःला वगळायचं हे बरं नाही. मी कागद सहीला नेला, तेव्हा आप्पांनी चष्मा लावला आणि तो वाचला. सहीचा कागद वाचताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. वाचून त्यांनी त्याची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले की सही कोर्टात करतो.

तारखेला मीही गेले होते, कारण टाईप केलेले कागद माझ्याकडे होते. आप्पा दाढी करून, कोट घालून, कपाळाला ठसठशीत विभूती लावून पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. पुण्याच्या वकिलांची मान आप्पांच्या आधीच हलायला लागली होती.

"ह्यात लिवलेला कबूल न्हाय, हुजूर," आप्पा म्हणाले. "दुसरा एक हाय, त्यो कबूल हाय."

वकिलांना खोकला आला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि सांगा म्हणाले.

"म्या नऊ वर्सं मॅनेजर हाय, आन् शेड एकदाबी बघितली न्हवती. न वाचता सह्या केल्या, त्यो माझा गुन्हा. शिद्राम बिडी वढत न्हाय. तंबाखू खातो. म्या रोज त्येच्याकडनं मागून खाल्ली, मला ठावं हाय. परवाना साठ ड्रमांचा. त्या दिवशी एकशे चौऱ्याहत्तर हुते. म्या सोता मोजून नंबर टाकलेत."

ड्रम आता कुठे आहेत, असं त्यांना विचारलं गेलं. आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आत्ता गाडी काढली तर शेडातच घावतील. उद्या गेलात तर देवदर्शनाला गेलेले असतील."

तपासणीचे साहेब कोर्टातच होते आणि त्यांची जीप बाहेर उभी होती. ते निघाले. वकील त्यांच्याही आधी बाहेर पडले, फोन कानाला लावून. पुढचं मला कारखान्यातल्यांनी सांगितलं. साहेबांची जीप फाटकातून आत शिरायला आणि ड्रमांनी भरलेला आमचा ट्रक बाहेर पडायला एकच गाठ पडली. दोन्ही गाड्या समोरासमोर, मागे घ्यायला कुणी तयार नाही. मेव्हण्यांनी हा माल दुसऱ्याच कारखान्याचा असून इथे चुकून आलाय असं सांगितलं. साहेबांचा ड्रायव्हर कर्नाटकातल्या आळंदकडचा होता. तो खाली उतरला आणि ट्रकातल्या ड्रमांवरचे आकडे शांतपणे मोठ्याने वाचू लागला, एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा. बाकीचे आत शेडमध्ये होते.

त्या दिवसापासून आप्पांची केबिन बंद झाली. पितळी पाटी मेव्हण्यांनी स्वतः उचकटली, परवान्यावर मात्र निकालापर्यंत आप्पांचंच नाव राहिलं. खटला पुढे दोन वर्षं चालला आणि आप्पा प्रत्येक तारखेला स्वतःच्या खर्चाने एसटीने आले, कधीकधी शिद्रामला बरोबर घेऊन. बिडीची गोष्ट टिकली नाही, शिद्रामला भरपाई मिळाली. शेठना मोठा दंड झाला. तो त्यांनी भरला. नियमाप्रमाणे गोदाम त्यांनी खटला चालू असतानाच बांधलं होतं, आणि त्याच्या उद्घाटनाला हलगी लावून सुरक्षेवर भाषण केलं होतं. भाषण मीच टाईप केलं होतं.

आणि आप्पा सुटले नाहीत. कागदावर मॅनेजर होते, कागदावर सह्या होत्या. न्यायाधीशांनी त्यांना थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली. जेवणाच्या सुट्टीत पोलिसाच्या परवानगीने ते व्हरांड्यात आले. शिद्राम तिथे उभा होता. त्याच्या हाताची बोटं आता वळत नव्हती. आप्पांनी त्याच्या खिशातून पुडी काढली, स्वतःच्या तळहातावर तंबाखू मळली आणि त्याच्या ओठाखाली ठेवली. मग उरलेली स्वतः खाल्ली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुपारभर मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. आप्पांना विशेष वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. ही एकच शिक्षा आपल्या कमाईची, बाकीच्या शेठच्या, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की नवा मॅनेजर कोण. शेठनी आदल्या दिवशीच माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट मागितलं होतं. केबिन, पंखा, पगारवाढ. सहीचा फॉर्म माझ्या पर्समध्ये होता आणि मला मोह झाला होता. शेवटी मी सांगून टाकलं.

"किल्ली मागा, अक्का," आप्पा म्हणाले. "पयलं किल्ली. शेडात जावा, ड्रम मोजा, मंग सही करा. म्या उलटं केलं."

पाच वाजता कोर्ट उठलं. आप्पांनी उभं राहून कोटाचं बटण लावलं आणि पोलिसाला विचारलं की आता जाऊ का. पोलीस जा म्हणाला. मुरुमची गाडी लागली होती, तिच्या दिशेने ते चालत गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मला उशिरा कळलं, मातीला जाता आलं नाही, आणि ते मला अजून खातं.

मी किल्ली मागितली. मेव्हणे म्हणाले, देऊ. पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी मागत होते आणि रोज ती कुठेतरी गेलेली असायची. चौथ्या आठवड्यात फॉर्म परत घेण्यात आला आणि महिनाअखेर माझी गरज उरली नसल्याचं पत्र मिळालं. ते कुणीतरी दुसऱ्याने टाईप केलं होतं, दोन चुका होत्या.

आता मी धाराशिवला कोर्टासमोर एका खोक्यात बसून अर्ज टाईप करून देते. गेल्या महिन्यात चाळिशीचे एक गृहस्थ आले. नवा सफारी, कपाळाला गंध, सलूनमधून नुकतेच आलेले. गुन्हा कबूल असल्याचा अर्ज हवा होता. कारखान्याचं नाव सांगितलं, ते आमच्याच कारखान्याचं होतं. बोलता बोलता म्हणाले की घरी सगळे मॅनेजरसाहेब म्हणतात, बायको फार खूश आहे. मी त्यांना बसायला स्टूल दिलं, आणि विचारलं, "ड्रम मोजलेत का तुम्ही?"

ते हसले. "मॅडम," म्हणाले, "गोदामाची किल्ली माझ्याकडं नसती."